वजन उतरावे, पायांतले बळ राहावे

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्धक्यात माणसाला मृत्यूचे भय वाटते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेल्यांशी मोकळेपणाने बोलणाऱ्याला निराळेच ऐकू येते. "हातपाय चालते आहेत तोवरच जावे, अंथरुणाला खिळू नये, कुणाला आपले करावे लागू नये." देवापुढे हात जोडताना बहुतेक वृद्ध एवढेच मागत असतात. त्यांना भय वाटते ते परावलंबनाचे. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे, देवळाच्या चार पायऱ्या चढता येणे, भाजी घेऊन घरी परतता येणे, या तरुणपणी लक्षातही न येणाऱ्या गोष्टी उतारवयात माणसाची प्रतिष्ठा राखतात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. दुसरीकडे घरे लहान झाली, मुले नोकरीसाठी दूर गेली. उठवून बसवायला घरात चार हात असण्याचे दिवस अनेक कुटुंबांतून सरले. म्हणून पाय टिकविणे हा आता केवळ आरोग्याचा विषय राहिलेला नाही. तो कुटुंबाच्या स्वास्थ्याचा आणि समाजाच्या सामर्थ्याचा प्रश्न झाला आहे.

पाय अडतात ते कशामुळे?

उतारवयात चालणे मंदावते त्याची दोन मोठी कारणे घरोघर दिसतात. एक म्हणजे वाढलेले वजन आणि दुसरे म्हणजे घटलेले स्नायू. पहिले कारण डोळ्यांना दिसते, दुसरे दिसत नाही.

वजनाचा भार सर्वांत अधिक सोसतात ते गुडघे. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्यांची झीज झालेल्या स्थूल वृद्धांच्या चालण्याची बारकाईने मोजमापे घेतली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो वजन उतरविलेला माणूस दर पावलाला वीस किलोंचे ओझे गुडघ्यावरून उतरवीत असतो. दिवसाकाठी माणूस हजारो पावले टाकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच किलोंचे मोल कळते.

दुसरे कारण स्नायूंच्या ऱ्हासाचे. मध्यम वयानंतर स्नायू हळूहळू क्षीण होऊ लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. मांस आणि उणीव या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने योजले. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, जिना चढताना कठडा धरावा लागणे, रस्ता ओलांडताना मागे पडणे, ही त्याची घरगुती लक्षणे. मांड्यांचे, नितंबांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू दुबळे झाले की तोल जातो, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे चालणे तेथेच थांबते.

ही दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात. गुडघा दुखतो म्हणून चालणे कमी होते. चालणे कमी झाले की वजन वाढते आणि स्नायू आणखी घटतात. स्नायू घटले की गुडघ्याचा आधार जातो आणि तो अधिक दुखू लागतो. हे दुष्टचक्र तोडायचे कोठे, हा खरा प्रश्न आहे.

काटा सगळे सांगत नाही

"वजन कमी करा" हा सल्ला प्रत्येक दवाखान्यात मिळतो आणि माणूस जेवण तोडतो. दोन महिन्यांनी काटा चार किलो खाली आलेला दिसतो. घरचे कौतुक करतात. परंतु त्या चार किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. तरुणाचे गेलेले स्नायू चार महिन्यांच्या तालमीत परत येतात. सत्तरीत गेलेले स्नायू परत मिळविणे फार कष्टाचे असते.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हा काटा अधिकच फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा 'बॉडी मास इंडेक्स' दोघांचाही सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका चित्राने जगाला दाखविले. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेच्या मर्यादा पाश्चात्त्यांहून खाली धरल्या जातात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे, असे आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात. ज्याच्याजवळ मुळातच स्नायूंची पुंजी थोडी, त्याने ती उपासमारीत उधळावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

केवळ आहार तोडणे आणि आहारासोबत व्यायाम करणे यांतील फरक अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका प्रयोगाने स्पष्ट केला. डॉ. डेनिस व्हिलारिअल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील १०७ स्थूल स्त्रीपुरुषांचे चार गट पाडले. एका गटाने फक्त आहार कमी केला, दुसऱ्याने फक्त व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केले, चौथ्याने यांपैकी काहीच केले नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले एका वर्षाचे फळ असे : आहार तोडणाऱ्यांचे वजन १० टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांचे ९ टक्क्यांनी उतरले. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच! परंतु चालणे, जिना चढणे, वस्तू उचलणे, खुर्चीतून उठणे अशा कामांच्या चाचणीत आहारवाल्यांची प्रगती १२ टक्के, नुसत्या व्यायामवाल्यांची १५ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांची २१ टक्के झाली. याउलट चरबी वगळता उरणारे शरीराचे वजन, ज्यात मुख्य वाटा स्नायूंचा असतो, ते आहारवाल्यांत ५ टक्क्यांनी घटले, दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडांची घनताही पहिल्या गटात ३ टक्क्यांनी, तर दुसऱ्यात एकाच टक्क्याने उतरली.

याच संशोधकांनी पुढे व्यायामाचे प्रकारही तपासले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १६० स्थूल वृद्ध होते. वजन उतरविताना केवळ चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम केलेल्यांत आणि केवळ बळाचा व्यायाम केलेल्यांत शारीरिक क्षमता १४ टक्क्यांनी वाढली. दोन्ही प्रकार करणाऱ्यांत ती २१ टक्क्यांनी वाढली. रोज सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या आपल्या मंडळींनी हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. फेरी उत्तमच, परंतु बळाच्या व्यायामाविना ती अर्धीच साधना आहे.

उशीर झाला, असे म्हणू नये

"आता या वयात काय व्हायचे!" हा उद्गार प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतो. त्याला उत्तर देणारा एक प्रयोग बोस्टनमध्ये झाला. डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहातील दहा दुर्बल माणसे निवडली. त्यांचे सरासरी वय ९० होते. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचे बळ वाढविणारा, भार उचलण्याचा व्यायाम करून घेतला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झाले. नव्वदीतला स्नायूही हाकेला ओ देतो, हे त्यातून सिद्ध झाले.

यापेक्षा मोठा प्रयोग 'लाइफ' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील आठ केंद्रांवर ७० ते ८९ वर्षांच्या, बैठी जीवनशैली असलेल्या १६३५ स्त्रीपुरुषांना त्यात घेतले होते. निम्म्यांना चालणे, बळ आणि तोल यांचा नियमित व्यायाम दिला, उरलेल्यांना आरोग्यावरील व्याख्याने. कसोटी साधी होती : कुणाच्याही मदतीविना, न बसता, १५ मिनिटांत ४०० मीटर चालता आले पाहिजे. सरासरी २.६ वर्षांनंतर, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के, तर व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के या कसोटीला अपात्र ठरले. व्याख्यान ऐकून पाय टिकत नाहीत, हे आजच्या व्याख्यानातही सांगितलेच पाहिजे! फरक चमत्काराएवढा नाही. शंभरांमागे पाच जणांचा आहे. परंतु ज्या पाच घरांतील आजी-आजोबा चालते राहिले, त्या घरांना त्याचे मोल विचारावे.

मधुमेह्यांसाठीही आशादायक पुरावा आहे. टाइप २ मधुमेह असलेल्या, ४५ ते ७४ वर्षांच्या पाच हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या 'लुक अहेड' या प्रयोगात आहार आणि व्यायाम यांच्या बळावर वजन उतरविणाऱ्या गटात चार वर्षांत चालणे गमावण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

घरातील प्रेमळ अडसर

या साऱ्या मार्गात सर्वांत मोठा अडथळा मात्र आळसाचा नसतो. तो पुष्कळदा प्रेमाचा असतो. "बाबा, तुम्ही बसा, मी आणतो." "आई, तू आता काही करू नकोस, आयुष्यभर केलेस." सुशिक्षित, कर्तव्यदक्ष मुले आणि सुना हे मनापासून म्हणतात. पाण्याचा तांब्या हातात येतो, चहा जागेवर येतो, चौथ्या मजल्यावरची फुलझाडे सून पाहते. सेवा ही आपली परंपराच आहे. परंतु उठण्याचे प्रत्येक निमित्त काढून घेतले, की उठण्याचे बळही हळूहळू निघून जाते. आजारपणात दहा दिवस अंथरुणावर काढलेल्या वृद्धाला उठताना पाय लटपटतात, ते याचमुळे.

पूर्वीच्या घरांत व्यायाम वेगळा करावा लागत नसे. पाटावर बसून जेवणे, जात्यावर दळणे, विहिरीचे पाणी शेंदणे, अंगण सारवणे, यांतच दिवसातून वीस-पंचवीस वेळा उठबस होई. आज जेवणाचे टेबल आणि कमोड गुडघ्यांच्या सोयीचे आहेत आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ते वापरावेतच. परंतु सोयीमुळे गेलेली उठबस दुसऱ्या मार्गाने भरून काढावी लागेल. वृद्धाला झेपेल ते काम वृद्धाकडेच ठेवावे. देवघरातील समई त्यांनीच लावावी, दूध त्यांनीच आणावे, नातवाला बसथांब्यापर्यंत त्यांनीच सोडावे. पडण्याची भीती वाटते म्हणून काम काढून घेण्याऐवजी न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा, पायाखालचे घसरणारे पायपुसणे काढावे, रात्री वाटेत दिवा ठेवावा. खरी सेवा ती, जी सेव्याचे बळ राखते.

व्यायाम कोणता आणि किती?

सुश्रुतसंहितेत व्यायामाचे गुण सांगताना व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी चाल करून येत नाही, असे सांगितले आहे. त्याच वेळी आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा, अशी मर्यादाही घातली आहे. वाग्भटांनी तर वृद्धांना व्यायामाविषयी सावध केले आहे. प्राचीनांची ही सावधगिरी आजही मोलाची आहे. शेजारच्या तरुणाशी स्पर्धा करणे हा व्यायाम नव्हे. मात्र तिचा अर्थ स्वस्थ बसणे असा लावता येणार नाही, हे वरील प्रयोग सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सांगितलेले प्रमाण असे : आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम. यासाठी व्यायामशाळेत जावेच लागते असे नाही.

पहिला व्यायाम खुर्चीचा. भिंतीला टेकवलेल्या, हातांशिवायच्या भक्कम खुर्चीत बसावे, हात छातीवर घ्यावेत आणि हातांचा आधार न घेता उठावे, बसावे. आरंभी पाच वेळा, पुढे दहा वेळा. न जमल्यास खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवून उंची वाढवावी. दुसरा, ओट्याला धरून टाचा उचलणे. तिसरा, भिंतीला हात लावून जोर काढणे. चौथा, ओट्याजवळ उभे राहून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत तोल सांभाळणे. बळ वाढेल तसा भार वाढवावा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्याही पुरतात. चालताना एवढा वेग असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि तो महाराष्ट्राच्या घरोघर पोहोचला. ज्यांची जन्माची सवय आहे त्यांनी तो झेपेल तेवढा चालू ठेवावा. सत्तरीत नव्याने आरंभ करणाऱ्याने मात्र जाणकारापुढेच करावा. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, भिंत, पट्टा, ठोकळे यांचा आधार देऊन वृद्धांना आणि आजाऱ्यांनाही आसने करता येतील, अशी पद्धत रुजविली. आधार घेणे यात कमीपणा नाही, हे त्यातून शिकावे.

प्रगती मोजायची असेल तर किलोंबरोबर उठाबशाही मोजाव्यात. तीस सेकंदांत हातांच्या आधाराविना खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ही चाचणी जगभर वापरली जाते. अमेरिकेतील मापानुसार ७० ते ७४ वर्षांच्या पुरुषाला किमान १२ आणि स्त्रीला किमान १० वेळा उठता आले पाहिजे. संख्या त्याहून कमी असेल तर पडण्याचा धोका अधिक समजावा. वजन दोन किलो उतरले आणि ही संख्याही उतरली, तर काहीतरी चुकते आहे, असे निश्चित मानावे.

पानात काय असावे?

वजन उतरवायचे ते सावकाश. सहा महिने ते वर्षभरात पाच ते दहा टक्के पुरे. कमी करायचे ते फरसाण, बिस्किटे, दिवसातील चौथा-पाचवा गोड चहा आणि भाताची दुसरी वाढणी. कमी करायचे नाही ते वरण, उसळ, दही आणि दूध. वृद्धांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला एक ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला साठ ते सत्तर ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सकाळी चहा-पोळी, दुपारी भात-आमटीचे पाणी आणि रात्री पुन्हा दूध-भात, अशा पानात ती निम्मीही भरत नाहीत. म्हणून मटकी, मूग, हरभरा, पिठले, दही यांना तिन्ही वेळच्या पानांत जागा हवी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उपवासाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. एकादशी किंवा संकष्टी श्रद्धेने अवश्य करावी. परंतु वजन उतरविण्यासाठी आठवड्यातून तीन-तीन दिवस लंघन करणे सत्तरीतल्या देहाला सोसत नाही. आणि साबुदाण्याच्या खिचडीने ना वजन उतरते, ना स्नायू राहतात. उपवासाला दूध, ताक, राजगिरा आणि मूठभर शेंगदाणे अधिक बरे.

काही इशारे टाळता येणार नाहीत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचे वजन उतरू लागले की त्याच मात्रेने साखर किंवा रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. चालताना छातीत दुखले, घेरी आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. काहीही न करता वजन उतरत असेल तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी, कारण ते आजाराचे लक्षण असू शकते. २०२५ मध्ये वजन उतरविणारी नवी इंजेक्शने भारतातही आली. त्यांनी वजन खरोखर उतरते. परंतु उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. म्हणून ती घेणाऱ्या वृद्धांना बळाचा व्यायाम आणि प्रथिने यांची गरज अधिकच आहे.

शेवटी एकच सूचना. एकट्याने आरंभलेला व्यायाम आठवड्यात सुटतो, चौघांनी आरंभलेला टिकतो. आळंदीहून पंढरीपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर हजारो वृद्ध वारकरी दरवर्षी चालतात, ते दिंडीच्या सोबतीनेच. प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने, प्रत्येक देवळाच्या सभामंडपाने आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास आणि दहा-वीस भक्कम खुर्च्या यासाठी द्याव्यात. दर तीन महिन्यांनी तीस सेकंदांच्या उठाबशा मोजाव्यात आणि वहीत लिहून ठेवाव्यात. जे येणे थांबले, त्यांच्या घरी जाऊन चौकशी करावी. खर्च जवळजवळ नाही, साधने घरात आहेत आणि आरंभाला उद्याची सकाळ मोकळी आहे.